कासारवाडी गोल्फ क्लब

कासारवाडी गोल्फ क्लबाकडे जमीन नव्हती, इमारत नव्हती आणि चेंडूही नव्हता. एक बाक होता. कासारवाडीच्या फलाटावर, कडुनिंबाखाली, एका बाजूने जरा खचलेला. पंख्यांच्या कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की तिथले तीन कारकून या बाकावर येऊन बसत आणि पुण्याकडची गाडी येईपर्यंत गोल्फ खेळत. गाडीला उशीर व्हायचाच, त्यामुळे नऊच्या नऊ होल बिनघाईने आटपत.

तिघांतले मुख्य मुरारराव उकिडवे. क्लबाचे ऑनररी सेक्रेटरी. ही पदवी त्यांना कोणी दिली नव्हती. बाकीच्या दोघांनी ती काढून घेतली नाही, एवढाच तिला आधार. ते राहायचे दापोडीला, म्हणजे पुढच्याच स्टेशनावर. पायी निघाले असते तर गाडीच्या आधी पोचले असते. पण ज्या घरी पोचायचं ते मेहुण्याचं होतं, आणि मेहुण्याच्या घरी लवकर पोचून माणूस करणार काय? मेहुणे पोस्टात होते. घरातसुद्धा ते खिडकीच्या पलीकडे बसल्यासारखे बोलत.

आता कारकुनांचा आणि गोल्फचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर मुराररावांना राग येई. त्यांनी इंग्रजांच्या शेवटच्या वर्षांत येरवड्याला एका मेजरकडे स्टेनोचं काम केलं होतं. मेजर खेळता खेळता पत्रं सांगायचा आणि मुरारराव मागून चालत ती उतरून घ्यायचे. ओढ्याच्या होलवर सांगितलेली पत्रं फार कडक असत, हे त्यांना अजून आठवत होतं. जाताना मेजरने त्यांना एक लोखंडी काठी दिली होती. हिंदुराव भिलारे महाबळेश्वरच्या क्लबात बिलं लिहायचे. पावसाळ्यात साहेब खाली उतरले की मैदान त्यांचंच. ज्योतीराम देवळालीच्या छावणीत स्टोअरवर होता, आणि साहेबांचे हरवलेले चेंडू स्टोअरमध्येच जमा होत. थोडक्यात, तिघांनीही चेंडू मारले होते. फक्त कोणी पाहत नसताना.

त्यांनी मिळून जो कोर्स रचला होता तो तिघांच्या माहितीतले सगळ्यांत छळवादी होल एकत्र करून. मुराररावांनी येरवड्याचा ओढा आणला, हिंदुरावांनी महाबळेश्वरची जांभळांची दाटी, ज्योतीरामने देवळालीची दगडी भिंत. सोपा होल सुचवला की कमिटी तो नामंजूर करी. क्लबाचा नियम एकच होता: फटका आपण मारायचा, पण चेंडू कुठे पडला ते समोरच्याने सांगायचं.

"मारला," मुरारराव छत्री फिरवून म्हणत.

"भिंतीला लागला," ज्योतीराम जराही न हलता सांगे. "आणि उलटा येऊन तुझ्याच मागं पडला, राव."

या नियमामुळे क्लब स्थापन झाल्यापासून एकाही सभासदाचा चेंडू गवतावर पडलेला नव्हता. माणसं ओळखायला याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

इथवर सगळं ठीक होतं. अडचण अशी की मुरारराव कारखान्यात अजून कच्चे होते. कच्च्याला पगार मिळे. पक्क्याला पगार आणि क्वार्टर. कारखान्याच्या मागे दोन-दोन खोल्यांची नवी क्वार्टर्स उभी राहिली होती, प्रत्येकाला स्वतःचा नळ. विमलबाईंनी, म्हणजे मुराररावांच्या पत्नीने, एकदा ती लांबून पाहिली आणि त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मुराररावांना बायकोच्या बोलण्याची सवय होती. या गप्प बसण्याची नव्हती.

पक्कं करणं होतं नव्या मॅनेजरांच्या हातात. हे फौजेतून निवृत्त झालेले कर्नल, बडोद्याकडचे. मराठी चांगली बोलत, पण वाक्य संपलं की समोरच्याचे पाय आपोआप जुळत. कारखान्यात त्यांचं सगळ्यांशी जमलं, एका भिंतीशी सोडून. कारखान्याची पूर्वेकडची भिंत सरळ येता येता एका जागी पोटात लाथ बसल्यासारखी आत वळली होती, कारण तिथे म्हसोबा होता. जमीन घेतली तेव्हा गावाने सांगितलं, सगळं घ्या, देव हलणार नाही. देव हलला नाही, भिंत हलली. कर्नलसाहेबांची जीप रोज त्या वळणावर कचकन वळे आणि रोज त्यांचा चहा तोंडात कडू होई.

कायम करायच्या माणसाला ते समोर बसवून दोन प्रश्न विचारत.

"उकिडवे, टायपिंग ठीक. हजेरी ठीक. ऑफिसबाहेर काय करता?"

खरं उत्तर 'मेहुण्याकडे जायला उशीर करतो' असं होतं. ते काही साहेबाला सांगण्यासारखं नाही. मुरारराव म्हणाले, "गोल्फ, सर."

कर्नलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुठे?"

"कासारवाडीला, सर. मी ऑनररी सेक्रेटरी आहे."

इथेच जीभ चावली असती तर बढाईवर भागलं असतं. पण साहेबांनी विचारलं, कोर्स कसा आहे, आणि मुराररावांना वर्षभरात हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस भेटला होता. ते बोलत सुटले. तिसऱ्याचा ओढा, चौथ्याची झाडी, पाचव्याची भिंत. साहेबांचे डोळे लकाकले.

"अशीच भिंत देवळालीला आहे."

मुराररावांनी घाईघाईने मान हलवली. "असेल, सर. दगड काय, सगळीकडे असतो."

"आणि मी मूर्खासारखा दर रविवारी येरवड्यापर्यंत जीप पिटाळतो! या रविवारी पाहुणे आहेत. पुढच्या रविवारी सकाळी मी येतो. तुमचा कागद सोमवारी पाहू. खेळताना माणूस कळतो, उकिडवे."

मुरारराव बाहेर आले तेव्हा वरचा पंखा पूर्ण वेगात होता आणि त्यांना दरदरून घाम फुटला होता.

त्या रात्री दापोडीच्या चाळीत सल्ल्यांचा पाऊस पडला. मेहुणे म्हणाले, "आजारी पडा. पण रविवारी सकाळी पडू नका, ते संशयास्पद दिसतं. शुक्रवारपासून पडा." शेजारच्यांनी सुचवलं, क्लबाचा एखादा जुना सभासद वारल्याचं कळवावं, सुतकात खेळ बंद. मेहुण्यांच्या पत्नी कुसुमताई म्हणाल्या, "भावजी, तो खेळ म्हणजे केरसुणीनं लिंबू लोटतात तसलाच ना? मग त्याला एवढं काय लागतं?" मुराररावांनी अन्नावरचं लक्ष ढळू दिलं नाही. पण घास गिळताना आवाज झाला.

सगळे पांगल्यावर विमलबाईंनी ट्रंकेतून आपलं जुनं लाल लुगडं काढलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"हे कशाला?"

"निशाणं लागतील ना," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "नळ अगदी आतच आहे, नाही का?"

यानंतर आजारी पडणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकावर कमिटीची तातडीची सभा भरली. हिंदुराव आधी चिडले. "माझी जांभळं कोणाला विचारून दिलीस साहेबाला?" मग घाबरले, कारण तेही कच्चेच होते. शेवटी ठरलं, की रूळ ओलांडून पिंपळे सौदागरच्या वाटेला जे गायरान लागतं तिथे कोर्स मांडायचा. गायरान ऐसपैस होतं. दोष एकच: ते तळहातासारखं सपाट होतं. ओढा नाही, झाड नाही, भिंत तर नाहीच. एका टोकाला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या टोकाची शेळी काय खाते ते सांगू शके.

"साहेबाला ओढा कुठला दाखवणार?" ज्योतीराम म्हणाला.

"आटला म्हणू."

"आणि भिंत? ती पण आटली?"

मुराररावांचा स्वभाव असा की संकट मोठं असलं की ते त्यातला सर्वांत छोटा भाग काढून त्यावर मेहनत करत. ते रीतसर परवानगी काढायला तलाठ्याकडे गेले.

तलाठी जेवून वामकुक्षीच्या बेतात होते. "गायरानात काय करायचंय म्हणालात?"

"गोल्फ."

"कोणत्या हंगामात येतं?"

मुराररावांनी समजावून सांगितलं. तलाठ्यांनी शांतपणे ऐकलं. गायरान गुरांचा बाजार, वीटभट्टी किंवा तमाशाचा फड यांसाठी देता येत होतं. "यांतलं काय लिहू? तमाशा लिहितो. जवळचं वाटतं." मुराररावांचा स्वाभिमान दुखावला. ते म्हणाले, मी सुशिक्षित माणूस आहे, मला गायरानाच्या हद्दी दाखवणारा नकाशा तरी पाहू द्या. तलाठ्यांनी डोळे उघडले. "कोणत्या ऑफिसातून आलात?" मुराररावांनी छाती पुढे काढून कारखान्याचं नाव सांगितलं.

हे नाव सांगायला नको होतं. पण छाती एकदा पुढे काढली की तोंड तिच्याबरोबर जातंच.

साहेब येण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी अर्धा दिवस भरून तिघे गायरानात उतरले. चाळीतून जमवलेले वनस्पती तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरले, शेजारी काठ्या रोवल्या, काठ्यांना विमलबाईंच्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. लांबून पाहिलं तर देखणं दिसत होतं. मुरारराव कमरेवर हात ठेवून उभे होते तेवढ्यात पाठीमागे शेळ्या आणि शेळ्यांमागे गवराबाई आली. ही दुधाचा रतीब घालणारी, कारखान्याच्या फाटकापासून नदीपर्यंतची प्रत्येक बातमी हिच्या घागरीतून जायची.

"रावसाहेब, तांबडी निशाणं लावली व्हय?"

"हो, हो."

"लावा, लावा," ती म्हणाली आणि शेळ्या तिथेच सोडून गावाकडे वळली. शेळ्या सोडून जाणारी गवराबाई त्या गावाने त्याआधी पाहिली नव्हती.

ती परत आली ती गेनबाला घेऊन. गेनबा म्हणजे गावचा पंच. पांढऱ्या मिशा, हातात काठी, आणि बोलताना समोरच्याच्या खिशाकडे पाहण्याची सवय. मागून बिरू धनगर आला. आणखी काही माणसं अंतर राखून उभी राहिली.

"तलाठी सांगत व्हते, कारखान्यानं नकाशा मागितलाय. किती चालली जमीन?" गेनबाने विचारलं.

"जमीन कुठेही चालली नाही. खेळ आहे हा."

"व्हय, व्हय. मागल्या टायमाला बी म्हणले व्हते, निस्तं मोजून बघतोय. मंग निशान. निशानामागं तार. तारंमागं तुमचा कारखाना."

मुराररावांनी खेळ समजावून सांगितला. चेंडू काठीने मारायचा, चालत जायचं, पुन्हा मारायचा, असं करत तो या डब्यात घालायचा.

"म्हंजी गल. गोट्यांचा आसतो तसा."

"अगदी बरोबर!"

"आन डब्यात गेल्यावर?"

"बाहेर काढायचा. आणि पुढच्या डब्याकडे जायचं."

"आन समदे डबे झाल्यावर?"

"मग घरी जायचं."

गेनबाने गवराबाईकडे पाहिलं. मोठी माणसं मुलाला चांगली थाप मारता येत नाही म्हणून एकमेकांकडे पाहतात तसं. "रावसाहेब," तो मायेने म्हणाला, "तुमाला वरनं हुकूम आसंल. आमी न्हाई म्हनत न्हाई. पर जरा बरं काही तरी सांगायचं."

त्यावर सगळे निघून गेले. जाताना कोणी काही उपटलं नाही, शिवी दिली नाही, दगड मारला नाही. ज्योतीरामला बरं वाटलं. मुराररावांना मात्र चैन पडेना. पोस्टाच्या खिडकीवर भांडणारा माणूस एकाएकी नमस्कार करून निघून गेला की मेहुण्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी दिसते, ती त्यांच्या चेहऱ्यावर आली.

रविवारी उजाडताच ते मेजरची काठी घेऊन गायरानाच्या कडेला पोचले आणि जागच्या जागी थांबले.

प्रत्येक निशाणाशेजारी देव बसला होता. शेंदूर फासलेला धोंडा, पुढे नारळ, वर झेंडूची माळ. नऊ निशाणं, नऊ देव. आणि देवांवरच भागलं नव्हतं. तिसऱ्या निशाणासमोर चारी खणून मोटेचं पाणी सोडलेलं होतं, कारण गेनबाच्या मते भिजलेली जमीन बागायती ठरते आणि बागायतीला कोणी हात लावत नाही. चौथ्यासमोर कोणी तरी आंब्या-जांभळाचे डहाळे तोडून ओळीने रोवले होते, ही आमराई. पाचव्याला बांधाचे दगड रचून त्यावर कडब्याची गंजी चढवलेली. सातव्याभोवती बिरूने बाभळीच्या काट्यांचा वाडा घालून मेंढरं कोंडली होती. आठव्याच्या डब्यावर गेनबाची म्हैस बसली होती आणि रवंथ करत होती.

"माझी जांभळं!" हिंदुराव पुटपुटले.

"माझी भिंत," ज्योतीराम म्हणाला.

मुराररावांनी साहेबाला सांगितलेली प्रत्येक थाप समोर उभी होती, आणि तिच्या शेजारी एकेक कुटुंब उभं होतं.

मागे जीपचा आवाज आला.

कर्नलसाहेब उतरले. चामड्याची पिशवी, पांढरा हातमोजा, चेहऱ्यावर शाळेला सुट्टी लागल्याचा आनंद. त्यांनी कोर्सवरून एकदा नजर फिरवली, आणि मुराररावांनी मनात नळाला शेवटचा नमस्कार केला.

"ग्रँड!" साहेब म्हणाले. "उकिडवे, तुम्ही कमी करून सांगितलंत!"

साहेबांनी पिशवीतले चेंडू वाटले आणि खेळ सुरू झाला. मुराररावांना तो पुढे कधीही सलग आठवला नाही. पहिल्या होलला साहेबांचा चेंडू देवाला घासून डब्यात पडला. बाहेर काढला तर लाल. साहेबांनी तो मोज्याला पुसला, मोजाही लाल झाला. त्यांनी बोटं नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुढच्या निशाणाकडे वळले. मुराररावांच्या मानेवरचा घाम पाठीकडे निघाला. तिसऱ्याला त्यांचा स्वतःचा चेंडू चारीत गेला. वर्षभर इतरांनी ओढ्यात घातलेला चेंडू आज खरोखरच पाण्यात पडला, आणि त्यांना क्षणभर, या सगळ्यातही, फार समाधान वाटलं. पाचव्याला साहेबांनी गंजीवरून असा फटका मारला की लांब उभ्या माणसांतून "आरं तिच्या!" असा आवाज आला आणि लगेच दाबला गेला. सातव्याला हिंदुरावांचा चेंडू काट्यांतून आत गेला आणि एका मेंढराने तो चाखून बाहेर टाकला.

गाव सगळा वेळ बरोबर चालत होतं. अंतर राखून, गप्प. लग्नात वरपक्षाची मोजदाद करतात तसे लोक साहेबांची पावलं मोजत होते.

आठव्याला म्हैस होती. साहेबांचा चेंडू तिच्या पोटाला जाऊन टेकला.

"सेक्रेटरी," साहेबांनी विचारलं, "म्हशीचा रूल काय?"

"ती उठेपर्यंत थांबायचं, सर. जुना रूल आहे आमचा."

थांबले. म्हशीला घाई नव्हती. साहेब काठीवर रेलून गायरान पाहत राहिले, आणि पाहता पाहता त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मुराररावांनी कारखान्यात एकदा पाहिलं होतं, नवं शेड मंजूर झालं त्या दिवशी.

"उकिडवे, मी उद्याच मुंबईला लिहितो. हा सगळा तुकडा कारखान्यासाठी घेऊ. कुंपण घालू, क्लबहाउस बांधू. तुम्ही सेक्रेटरी. कायम तर झालातच, आणि क्वार्टर असं देतो की खिडकीतून पहिला होल दिसेल."

हे साहेबांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, त्यामुळे सगळ्या गायरानाला ऐकू गेलं. गवराबाईने पदर तोंडाला लावला. गेनबाची काठी जमिनीत रुतली. कोणी ओरडलं नाही. ते सगळे मुराररावांकडे पाहू लागले, आणि त्या पाहण्यात 'आमी म्हनलंच व्हतं' एवढंच होतं. मुराररावांना वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"सर," ते म्हणाले, "देव आहेत. भिंत वळवावी लागेल. नऊ वेळा."

साहेबांच्या कपाळावर रोजचं वळण उमटलं. मग त्यांनी सावकाश हातमोजा काढून उलटा धरला. "हा शेंदूर ओला आहे, उकिडवे. मी फौजेत होतो, आंधळ्यांच्या शाळेत नव्हतो. हे देव कालचे आहेत. कालचा देव हलवता येतो." आणि अगदी हळू आवाजात, "तुम्ही सेक्रेटरी. तुम्ही सांगा. हे देव इथे पहिल्यापासून आहेत?"

म्हैस रवंथ करत होती. हिंदुराव आपल्या बुटांकडे पाहत होते. हो म्हणावं तर साहेबाच्या तोंडावर खोटं, तेही शेंदराच्या साक्षीने. नाही म्हणावं तर क्वार्टर, नळ, खिडकी, सगळं मिळत होतं, आणि ते घ्यायला गेनबाच्या समोरून चालत जावं लागत होतं.

"देव कालचे आहेत, सर," मुरारराव म्हणाले. गर्दीतून उसासा निघाला. "पण कोर्सही कालचाच आहे."

"म्हणजे?"

"कालपर्यंत इथे सपाट माळ होता. क्लब म्हणजे स्टेशनवरचा एक बाक आहे. ओढा येरवड्याचा, झाडी महाबळेश्वरची, भिंत तुम्ही म्हणालात तशी देवळालीची. आम्ही गाडीची वाट पाहताना तोंडी खेळतो. आपण येणार म्हणून निशाणं लावली. बाकी सगळं या लोकांनी केलंय, जमीन जाऊ नये म्हणून. ती गंजी यांच्या बैलांची आहे. ते पाणी यांच्या मोटेचं. आपण जमीन घेतलीत की हे लोक गंजी घरी नेतील, काटे उचलतील, पाणी तोडतील. कुंपणाच्या आत राहील तो माळ. आणि वळणं."

साहेबांनी हातमोजा घडी करून खिशात ठेवला. "म्हणजे जमीन घेतली तर कोर्स राहत नाही."

"नाही, सर."

"आणि नाही घेतली तर?" ते एकदम गेनबाकडे वळले. "बाबा, मी जमीन घेत नाही. पुढच्या रविवारी ही गंजी इथेच असेल?"

गेनबाने विचार केला. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण बैल डोळ्यांसमोर आले. "तुमी घेनारच नसाल, तर मंग हितं गंजी कशापायी ठिवू, सायेब? कालधरनं बैलं रिकाम्या गव्हानीकडं तोंड करून हायेत."

कर्नलसाहेबांनी आपला लाल चेंडू खिशात टाकला, पिशवी उचलली आणि जीपकडे निघाले. म्हैस तेव्हा उठली.

सोमवारी सकाळपासून मुरारराव टाइपरायटरसमोर बसून होते आणि एकही अक्षर सरळ उमटत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीआधी शिपाई कागद घेऊन आला. कायम. खाली साहेबांच्या हाताने लिहिलेलं होतं, की श्री. उकिडवे यांना शिल्लक असलेलं एकमेव क्वार्टर देण्यात यावं. ते म्हसोबाच्या वळणावर आहे. ज्यांची देवांशी इतकी ओळख आहे त्यांनी देवाशेजारी राहणं उचित.

ते क्वार्टर इतरांनी नाकारलेलं होतं. भिंत आत वळते तिथे त्याचं स्वयंपाकघर तिकोनी झालं होतं. पाट मांडला की एक माणूस कोपऱ्याला पाठ लावून जेवे आणि दुसऱ्याला उंबऱ्यावर बसावं लागे. मेहुणे सामान पोचवायला आले, त्यांनी तिन्ही कोपरे तपासले आणि म्हणाले, अर्ज करून बदलून मागा. विमलबाईंनी उत्तर म्हणून नळ सोडला. पाणी धो धो आलं. त्यांनी तो बंद केला, परत सोडला, परत बंद केला. मग रोज सकाळी पहिला तांब्या म्हसोबाला घालू लागल्या. लाल लुगड्याच्या पट्ट्यांपैकी बऱ्याच पुढे गवराबाईच्या शेळ्यांच्या गळ्यात दिसल्या. त्या मात्र कोणी परत मागितल्या नाहीत. गायरानावरचे नऊ देव होते तिथेच राहिले, कारण बसवलेला देव उठवायचा कोणी?

मुराररावांना आता गाडीची गरज नव्हती. तरी भोंगा झाला की ते फलाटावर येत. पहिले काही दिवस तिघे बाकावर नुसते बसले. खेळायचा विषय कोणी काढला नाही. मग एका संध्याकाळी ज्योतीराम म्हणाला, "नवा कोर्स करायचा का?"

"करू," मुरारराव म्हणाले. "पहिला होल. सपाट."

"झाडी?"

"नको."

"ओढा?"

"नको. आटलेला पण नको."

"भिंत तरी असू दे, राव."

"असली तर सरळ."

असे सात होल झाले. तिघांच्याही छातीवरचं ओझं प्रत्येक होलबरोबर थोडं थोडं उतरत होतं. बाकाच्या टोकाला, खचलेल्या बाजूला, कोथिंबिरीची पाटी घेऊन गेनबा बसला होता. पहाटेच्या मंडईसाठी पुण्याला निघालेला. तो मगापासून कान देऊन ऐकत होता.

"ही कुनाची जमीन?" त्याने विचारलं.

"कुणाचीच नाही," मुरारराव म्हणाले. "बोलण्यातली आहे."

"बघा हं."

"शपथ."

गेनबाने थोडा वेळ मिशीवरून हात फिरवला. "मंग ह्यो कसला ख्योळ, रावसाहेब? समदं सपाट. आठव्याला म्हस ठिवा. आमचीच ठिवा, वळखीची हाय."

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. ठराव मंजूर झाला. मुरारराव उठले, छत्री दोन्ही हातांत धरली, आठव्या होलकडे नीट नेम धरला आणि फटका मारला.

"सांगा," ते म्हणाले. "कुठे पडला?"

ज्योतीराम आणि हिंदुराव दोघांनीही तोंड उघडलं. पण पहिली पाळी नव्या सभासदाची होती. गेनबाने हात कपाळाला लावून रुळांच्या पलीकडे पाहिलं.

"म्हशीपाशी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पर थांबा. उठतीया ती."